विसणासकट दहा लिटर

हौसेखातर चाकांवरच्या घरात राहायला निघालेला पहिला माणूस म्हणून ब्रिटनमध्ये डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचं नाव घेतलं जातं. स्टेबल्स नौदलातले माजी डॉक्टर. मुलांसाठी साहसकथा लिहायचे. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून खास गाडी बांधून घेतली, तिचं नाव ‘वाँडरर’ ठेवलं, दोन घोडे जुंपले आणि थेट स्कॉटलंडची वाट धरली. सोबत गाडीवान, कुत्रा, काकाकुवा आणि एक खासगी नोकर. हा नोकर तीनचाकी सायकलवरून गाडीच्या पुढे जायचा आणि वळणापलीकडून कोणी येत नाही ना, ते बघायचा. डॉक्टरसाहेबांच्या आंघोळीचं पाणी कोण ठेवत असेल, याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही. पदरी गडी असला की पाणी तापवण्याचं तंत्र सोपं असतं. हाक मारायची.

पुढे घोडे गेले, इंजिन आलं आणि गडी परवडेनासा झाला. त्याने मोकळ्या केलेल्या जागी, बहुधा बसायच्या बाकाखाली, आता एक खोकं बसवलेलं असतं. त्याला बॉयलर म्हणतात. तो गॅसवर चालतो, विजेवर चालतो, आणि त्यात दहा लिटर पाणी मावतं. दहाच का, असं विचारलं तर वजनाचं कारण सांगतात. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतची गाडी हाकता येते. त्या साडेतीन टनांत गाडी आली, माणसं आली, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकघर आणि संडास आला. यातून उरलंसुरलं ते आंघोळीच्या वाट्याला. गोऱ्या माणसाचा प्राधान्यक्रम यावरून समजतो.

आमच्या मावशीला हे कारण पटलं नाही. मावशी आणि काका वाईहून आमच्याकडे लेस्टरला आले होते आणि सप्टेंबरअखेर आम्ही चौघं भाड्याच्या कॅम्पर व्हॅनने स्कॉटलंडला निघालो होतो. मावशीचा दिवस आंघोळीने सुरू होतो. आंघोळ, मग देव, मग चहा. हा क्रम कोयनेच्या भूकंपातही मोडला नव्हता असं काका छातीठोकपणे सांगतात. भूकंप १९६७ सालचा. तेव्हा काकांचं लग्न व्हायचं होतं आणि मावशी त्यांना माहीतही नव्हती, पण संसार इतका झाला की माणूस बायकोच्या माहेरच्या इतिहासाचीही ग्वाही देऊ लागतो.

"दहा लिटर?" मावशीने बाकाखाली वाकून बघितलं. "एवढ्यात काय, दात घासायचे?"

काका वीज मंडळातले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दिवा लुकलुकला की आधी घड्याळ बघतात आणि वेळ लिहून ठेवतात. त्यांनी पेट्रोलच्या पावतीच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. बॉयलर पाणी ६० अंशांपर्यंत तापवतो. टाकीतलं पाणी इथल्या हवेत १० अंशांचं धरू. अंगावर घ्यायला ४० अंश पुष्कळ झाले. तेव्हा दहा लिटर कढत पाण्याला साधारण साडेसहा लिटर विसण लागणार. एकूण साडेसोळा लिटर.

"म्हणजे एक बादली," मावशी म्हणाली.

"तेच सांगतोय."

"आणि माणसं चार."

"तेही तेच सांगतोय."

खरी अडचण पुढेच होती. गाडीच्या न्हाणीत बादली नव्हतीच, शॉवर होता. न्हाणी म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकची एक उभी कपाटवजा खोली. त्यात कमोड, त्याच्यावर भिंतीतून उघडणारं बेसिन, आणि या दोघांचा मान राखून जी जागा उरेल तिथे आपण उभं राहायचं. भोवती पडदा. या पडद्याला ओलं अंग फार प्रिय. एकदा पाठीला चिकटला की गारठा आतपर्यंत जातो, आणि त्याला पाठीवरून सोडवायला जावं तर कोपर आरशावर आपटतं. शॉवरमधून मिनिटाला सहा-सात लिटर पाणी जातं. गार-गरम नळ जुळवण्यात दोन तांबे वाया गेले असं धरलं, तर राहिली दोन-अडीच मिनिटं. तेवढ्यात साबण लावून होतो. काढण्यासाठी पुढच्या अर्ध्या तासाची वाट बघायची, कारण बॉयलरला पुन्हा तापायला साधारण तेवढा वेळ लागतो.

यावर जाणकार मंडळी एक उपाय सांगतात. अंग भिजवा, पाणी बंद करा, साबण लावा, पाणी पुन्हा सुरू करा. बोटींवर गोडं पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून नौदलात अशीच आंघोळ करतात म्हणे. स्टेबल्स हे नौदलातले होते हे इथे लक्षात येतं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे साबण लावताना कुडकुडत उभं राहायचं? आणि याला सुट्टी म्हणायचं?"

कॅम्पसाइटवर सार्वजनिक न्हाणीघरं असतात, हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग. तिथे पाणी मुबलक आणि चांगलं कढत. पण बऱ्याच ठिकाणी नळाऐवजी भिंतीत दाबायचं बटण असतं. दाबलं की जेमतेम अंग भिजेपर्यंत धार येते, की बंद. पुन्हा दाबा. थोड्या वेळाने माणूस पाठ टेकवून बटण दाबून धरायला शिकतो आणि दोन्ही हात मोकळे करून घेतो. मावशीचा आक्षेप बटणाला नव्हता. अंगावर गाऊन, खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी अशा अवस्थेत दहा-बारा गाड्यांसमोरून, कॉफी पीत बसलेल्या अनोळखी पुरुषांना ‘गुड मॉर्निंग’ करत जायला ती तयार नव्हती. वाईच्या घाटावर हजार माणसांत आंघोळ चालते, ती वेगळी. तिथे कोणी गुड मॉर्निंग म्हणत नाही.

मुक्कामाला आम्ही केर्नगॉर्म डोंगरांच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याच्या माळावर उतरलो. अशा जागी प्रत्येक गाडीपाशी एक खांब असतो, त्यात निळा प्लग खुपसला की गाडीत वीज येते. मोठ्या साइटवर १६ अँपियर मिळतात, मध्यम ठिकाणी १०. या खांबावर आकडा होता ६. काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"याला आम्ही कनेक्शन म्हणत नाही," ते म्हणाले. "चोरून आकडा टाकणारासुद्धा यापेक्षा जास्त घेतो."

सहा अँपियर म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. ब्रिटिश स्वयंपाकघरातली चहाची किटली एकटीच ३००० वॅट खाते. म्हणून कॅराव्हॅनच्या दुकानात हजारेक वॅटची सोशिक किटली वेगळी विकायला असते. पाणी उकळेपर्यंत चहाची तल्लफ निघून जाते ही गोष्ट निराळी. आमच्या गाडीत तशी एक होती. बॉयलर विजेवर लावला होता, त्याचे साडेआठशे वॅट. फ्रिज चालू होता. अशात माझ्या बायकोने चहा टाकला आणि खटका पडला. खटका खांबाच्या कुलूपबंद पेटीत, किल्ली शेतकऱ्याकडे, शेतकरी मेंढ्यांकडे. तो गमबूट घालून सावकाश आला, खटका वर केला आणि काय काय चालू होतं ते विचारलं. काकांनी व्यवसायबंधूशी बोलावं अशा सुरात भाराची पूर्ण यादी दिली. शेतकऱ्याने "आय", म्हणजे हो, एवढंच म्हटलं आणि तो पुन्हा मेंढ्यांकडे गेला.

मावशीच्या बॅगेत हीटरचा रॉड असल्याचं याच गोंधळात उघड झालं. नऊवारीच्या घडीत गुंडाळून वाईहून आणला होता. १५०० वॅट. "रॉड एकटाच अख्ख्या खांबापेक्षा मोठा आहे," असं म्हणत काकांनी तो जप्त केला. ओली जमीन, पत्र्याची गाडी आणि प्लास्टिकच्या बादलीत लोंबणारा रॉड या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, याचे त्यांनी नोकरीत पंचनामे लिहिले होते. त्यातले दोन त्यांनी जेवताना सविस्तर सांगितले.

खांब नको, गाडीच्या बॅटरीवरच पाणी तापवू, असं कोणाच्याही मनात येईल. माझ्या आलं. काकांनी पावती उलटून उरलेल्या कोपऱ्यात लिहिलं: बॅटरी बारा व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची. कागदावर १२०० वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून हाताशी ६००. साडेसोळा लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला लागतात सुमारे ५७५. म्हणजे एका बादलीत अख्खी बॅटरी संपली. आणि गाडीतला पाण्याचा पंपही त्याच बॅटरीवर चालतो. पाणी तापलं, पण नळापर्यंत येणार कसं?

सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायची एक किटलीही मिळते. ती १२० वॅटची असते. कपभर पाण्याला बारा-तेरा मिनिटं लागतात, बादलीला जवळजवळ पाच तास. पहाटे पाचला आंघोळ हवी असेल तर रात्री बारापासून किटलीजवळ बसायचं. याशिवाय काळ्या प्लास्टिकची वीस लिटरची पिशवी टपावर उन्हात टाकायचीही रीत आहे. ऑस्ट्रेलियात ती उत्तम चालते. नागपुरात मे महिन्यात टाकली तर विसणाला आणखी दोन बादल्या लागतील. स्कॉटलंडमध्ये ती पिशवी ज्याने घेतली त्याच्याबद्दल आदर वाटतो.

उरला गॅस. गाडीच्या मागच्या कप्प्यात लाल सिलिंडर होता, म्हणजे प्रोपेन. ब्रिटनमध्ये निळ्या सिलिंडरमध्ये ब्यूटेन असतो आणि लाल सिलिंडरमध्ये प्रोपेन. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबवतो. द्रवरूपातच सिलिंडरच्या तळाशी बसून राहतो. आत तो डुचमळतोय हे ऐकू येतं, शेगडीवर मात्र काही येत नाही. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत वायू होत राहतो. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं आणि आपल्याकडे थंडी म्हणजे महाबळेश्वरचे वर्तमानपत्रातले फोटो, त्यामुळे ही विद्या आपल्याला कधी लागत नाही. काकांनी लाल रंग बघून समाधानाने मान डोलावली आणि झोपायच्या आधी दहा लिटर पाणी ६० अंशांवर आणून ठेवलं. बॉयलरला भोवती चांगलं जाड आवरण असतं, सकाळपर्यंत पाणी बऱ्यापैकी गरम राहतं. मग गॅसची बचत म्हणून त्यांनी गाडीतली ऊब देणारं यंत्र बंद केलं आणि सगळे पांघरुणांत शिरले.

पहाटे साडेचारच्या सुमारास गाडीखाली कोणीतरी घागर ओतल्यासारखा आवाज झाला.

त्याची कथा अशी. पाणी गोठलं की फुगतं आणि बॉयलरची टाकी फुटते. ती फुटू नये म्हणून बॉयलरशेजारी एक झडप बसवलेली असते. आसपासचं तापमान तीन अंशांखाली गेलं की झडप आपोआप उघडते आणि सगळं पाणी गाडीखाली सोडून देते. टाकीतलं पाणी गार आहे की कढत, याच्याशी झडपेला कर्तव्य नसतं. तिला फक्त आपल्या बुडाची थंडी समजते. आणि बाकाखालच्या कप्प्यात, काकांच्या बचतीमुळे, छान थंडी पडली होती. मी टॉर्च घेऊन बाहेर गेलो. दव गोठून पांढऱ्या झालेल्या गवतात एक हिरवा गोल उमटला होता आणि त्यातून वाफा निघत होत्या. त्या माळावरची पहिली आंघोळ जमिनीची झाली.

भाड्याने गाडी देणाऱ्याने चोवीस तास मदतीचा नंबर दिला होता. फोनवरच्या मुलीने सगळं ऐकलं आणि अभिनंदनाच्या सुरात सांगितलं की झडप व्यवस्थित काम करते आहे.

ही झडप पुन्हा बंद करावी म्हटलं तर होत नाही. कप्प्यात सात अंशांच्या वर ऊब आल्याशिवाय तिचं बटण आत बसत नाही. झडप उघडी असताना पंप लावला तर गाडीच्या साठ्याच्या टाकीतलं पाणीही त्याच वाटेने गवतात. तेव्हा आधी गाडी तापवा, मग कप्पा तापेल, मग झडप मिटेल, मग टाकी भरेल, मग बॉयलर लागेल, मग अर्ध्या तासाने पाणी. जुन्या मालकांना यावर एक जलद उपाय माहीत असतो: झडपेवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची. पाठदुखीसाठी मावशीजवळ पिशवी होतीच. काका शेतकऱ्याच्या नळावरून पाणी घेऊन आले, छताची खिडकी उघडली आणि गाडीतल्या दोन बर्नरच्या शेगडीवर पातेलं चढवलं.

मावशी अंगावर शाल घेऊन हे सगळं बघत होती.

"पाणी कशाला तापवताय?"

"पिशवीत भरायला."

"पिशवी कशाला?"

"झडपेवर ठेवायला."

"झडप कशाला?"

"ती मिटली की बॉयलर लागतो."

"आणि बॉयलर कशाला?"

काका काही बोलले नाहीत. "बॉयलर पाणी तापवायला," मावशीनेच उत्तर दिलं. "मग हे जे शेगडीवर तापतंय ते काय आहे? ते ओता बादलीत आणि व्हा बाजूला."

वीज मंडळाने इतकी वर्षं मावशीला नोकरी दिली नाही, हे मंडळाचं नुकसान.

गाडीतलं सगळ्यात मोठं पातेलं मात्र दीड लिटरचं होतं. ज्या समाजात एका वेळी चार माणसांचा भात लागत नाही, त्या समाजाची पातेली अशीच असायची. तेवढ्यात शेजारच्या व्हॅनचा दरवाजा सरकला आणि यॉर्कशायरचा एक उंचापुरा म्हातारा हातात ॲल्युमिनियमचं चंबूवजा भांडं घेऊन बाहेर आला. मूळचा प्लंबर. जुन्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये स्वतःच्या हातांनी घर बसवलेला. आमचा पहाटेचा संवाद त्याने ऐकला असणार; भाषा समजली नसली तरी विषय समजला होता.

त्याने आधी जमिनीवर पसरट वाडगा ठेवला. कापडी पिशवीतून पाइनची सुकी फळं आणि काटक्या काढून त्यात पेटवल्या. त्यावर भांडं ठेवलं. भांड्याला दुहेरी भिंत होती. मधोमध वरपासून खालपर्यंत आरपार धुराडं आणि त्याच्याभोवती पाणी. ज्वाला खालून धुराड्यात शिरली, वर टोकाला जीभ काढून बाहेर आली. बाजूच्या तोंडाचं बूच त्याने काढून ठेवलं होतं. ते लावून पाणी उकळलं तर वाफ कोंडून भांडं फुटतं, असं त्याने दोनदा सांगितलं. मग वरूनच धुराड्यात एक एक काटकी सोडत राहिला.

काका उकिडवे बसून बघत होते. "अहो, हा तर बंब!" ते ओरडले.

आणि होताच तो. खाली जाळ, मध्ये धुराडं, भोवती पाणी, वरून जळण सोडायची सोय. फरक एवढाच की आपल्या बंबाला तोटी असते आणि तो न्हाणीघराच्या दारात ठाण मांडून बसतो, तर हा हातात धरून कुठेही नेता येतो. आयर्लंडच्या मेयो परगण्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केली नावाच्या माणसाने तळ्याकाठच्या मासेमारीत चहासाठी अशी किटली बनवली आणि त्या घराण्याच्या नावाने ती अजून विकली जाते. वारा कितीही असो, जाळ आतच असल्यामुळे विझत नाही. उलट वाऱ्याने चेततो. प्लंबरची किटली १.६ लिटरची होती. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण काकांनी वाईतल्या घरच्या तांब्याच्या बंबाची हकिगत निम्मी सांगून होईपर्यंत पाणी खळाखळा उकळलं.

इथे पावतीची तिसरी बाजू नसल्यामुळे काकांनी तोंडी हिशोब केला. १.६ लिटर उकळत्या पाण्याला ३.२ लिटर विसण घातलं की ४० अंशांचं ४.८ लिटर पाणी होतं. तीन किटल्या, एक बादली. जळण: पाइनची फळं, फुकट. वीज: शून्य. झडप: नाही.

बादलीचं तेवढं राहिलं होतं. गाडीत भांडी घासायला ठेवलेली एक घडीची रबरी बादली होती. ती भरून उचलली की कमरेत वाकते आणि पाणी पायांवर येतं, म्हणून ती आधी न्हाणीत ठेवून मग भरावी लागली. पण न्हाणीतलं पाणी बाहेर जाईना. माळ उताराचा, गाडीची मागची चाकं खाली, आणि पाणी जायचं भोक पुढच्या कोपऱ्यात. काकांनी मागच्या चाकांखाली लाकडी ठोकळे सारले, प्लंबरने आपली पातळी तपासायची पट्टी आणून गाडीच्या जमिनीवर ठेवली, आणि दोघांनी भाषेशिवाय बराच वेळ खाणाखुणा करून बुडबुडा मध्यावर आणला. मग मावशी पितळी तांब्या घेऊन आत गेली. पडदा तिने गोळा करून कमोडच्या मागे कोंबला होता. आतून तांब्याचा आवाज येत होता आणि त्यामध्ये स्तोत्राच्या ओळी. बाहेर आली तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या आणि बादलीत दोन तांबे पाणी शिल्लक होतं. "तुम्ही हातपाय धुऊन घ्या," असं म्हणून तिने ते काकांच्या पुढ्यात ठेवलं.

चहा झाल्यावर प्लंबरने आपली गाडी दाखवली. त्याच्याकडे वीस लिटरची टाकी होती आणि ती इंजिनावर तापायची. यात चमत्कार काही नाही. डिझेलमधली बरीच उष्णता इंजिनाच्या थंडाव्यासाठी फिरणाऱ्या पाण्यात जाते आणि रेडिएटरमधून हवेत उडून जाते. तेच पाणी तांब्याच्या वेटोळ्यातून टाकीत फिरवलं की टाकी फुकटात तापते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गरम राहते. ज्यांना अधिक ऐट हवी ते गाडीच्याच टाकीतलं डिझेल जाळणारा छोटा हीटर बसवतात. वेबास्टो आणि एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांची त्यावर हयात गेली. काकांना वेटोळ्याची कल्पना फार आवडली. त्यांच्या लहानपणी विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं कूलिंगचं पाणी पाटात सोडायच्या आधी सगळी भावंडं त्याखाली बसायची. कोमट, धो-धो, आणि किंचित तेलकट. साताऱ्याच्या ऊसकरी पोरांनी हा शोध कुठल्याही कंपनीची वाट न बघता लावला होता.

त्यात एकच मेख. रोज गाडी हलवली तरच पाणी तापतं. एका जागी मुक्काम पडला की प्लंबर सकाळी दूध आणायला म्हणून निघतो. दुकान दोन मिनिटांवर आहे. तो चाळीस मिनिटांनी परत येतो.

"म्हणजे पारोसाच गावभर हिंडतो," मावशी म्हणाली, आणि त्या प्रकाराचा निकाल लागला.

थट्टा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगायला हवी. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात, आणि गाडी ही न्हाणीघराहून फार मोठी नसते. शेगडीवर पाणी ठेवलं तर छताची खिडकी उघडी हवी. शेगडीवर गाडी ऊबदार करत बसू नये. काटक्यांची किटली बाहेरच पेटवायची; पाऊस असो, वारा असो, तंबूत किंवा गाडीत मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याचा भोंगा गाडीत लावलेला असतो, तो चालतो का हे पहिल्या दिवशी बटण दाबून बघावं.

महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्या रस्त्यांवर अशा गाड्या वाढतील तेव्हा त्यांना उभं करायच्या जागा लागतील. मावशीची सूचना अशी की त्या जागा दापोलीजवळच्या उन्हवऱ्याला, राजापूरच्या उन्हाळ्याला, संगमेश्वराकडच्या तुरळला आणि वज्रेश्वरीला कराव्यात. तिथे जमिनीतून पाणी कढतच येतं. बॉयलर नको, खांब नको. सूचना चेष्टेत काढली तरी मला ती सरकारी धोरणापेक्षा नेमकी वाटते आणि संबंधितांनी तिचा विचार करावा.

तोवर गाडी घेणाऱ्यांना एवढंच सांगणं. विक्रेता तुम्हाला बॉयलर किती लिटरचा, किती वॅटचा, कोणत्या देशाचा ते सांगेल. ऐकून घ्या. मग त्याच्या देखत न्हाणीत एक बादली ठेवून बघा. ती सपाट उभी राहत असेल, शेजारी पाट ठेवून बसता येत असेल आणि तांब्या डोक्यावर नेताना कोपर कुठे आपटत नसेल, तर गाडी घ्या. नाहीतर दुसरी बघा.